कुलपातले गणकयंत्र आणि अंगणातले कासव

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम हसूनच टाळले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की मला सनावळ्या आणि छडी एवढेच आठवते. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. तेव्हा विचार केला की, राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण एका यंत्राचा लिहावा. हे गणकयंत्र शाळेच्या खोलीत कसे आले आणि खोलीतून मुलांच्या धड्यात शिरावयास त्याला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न माझ्या मनात फार दिवसांचा आहे. त्याचे कारण आधी सांगते.

मी पाचवीत असताना माझा थोरला भाऊ हायस्कुलात जात असे. त्याच्या शाळेत एक गणकयंत्र आले. त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, खाली जाजम, खिडकीला पडदा. आत जाताना चपला बाहेर काढावयाच्या, जणू देवघरच. मी दादाचा डबा द्यायला गेले की पडद्याच्या फटीतून डोकावत असे. यंत्रावर फुलाफुलांचे अभ्रे घातलेले. ते अभ्रे कोणी काढलेले मी कधी पाहिले नाही. शिकविणाऱ्या सरांची बदली झाली आणि खोलीला कुलूप लागले. दादा दहावी होऊन बाहेर पडला तरी त्याने त्या यंत्राच्या एकाही कळीला बोट लावलेले नव्हते. माझे म्हणाल तर, आठवीत जाण्याच्या सुमारास घरी आईचे आजारपण आले आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. हायस्कूल मी पाहिले ते त्या फटीतूनच.

आता गंमत पाहा. ज्या यंत्राला आम्ही इतके परके समजत होतो, त्याचे एक मूळ आमच्याच घरात रोज बारा तास खडखडत होते. आमचे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोऱ्याने ओवलेली लांबच लांब माळ टांगलेली असे. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा पुढे सरके. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरे आणि तिच्या आकड्याचा उभा धागा उचलला जाई. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाई आणि धागा खालीच राही. उचललेला किंवा न उचललेला, एवढ्या दोनच गोष्टींतून मोर, कमळे आणि कोयऱ्या उमटत. मधला एखादा पुठ्ठा इकडचा तिकडे झाला तर मोराची मान मोडे. वडील तो पुठ्ठा नेमका शोधून काढीत. त्यांना कोणी यंत्रज्ञ म्हटले नाही.

ही युक्ती फ्रान्समधल्या ल्यों गावच्या जोसेफ मारी जकार यांनी १८०४ साली सिद्ध केली. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी १८३४ च्या सुमारास हिशेबाचे एक अवाढव्य यंत्र योजले, त्याला हुकूम देण्यासाठी त्यांनी हेच पुठ्ठे घ्यावयाचे ठरविले. ते यंत्र पुरे झाले नाही. परंतु त्याच्याकडून एक अवघड गणित पायरीपायरीने कसे करून घ्यावे, याची टिपणे १८४३ साली एका बाईने छापली. त्या एडा लव्हलेस. त्यानंतर अमेरिकेत हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या शिरगणतीत माणसांची माहिती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर घेतली. आधीच्या १८८० च्या शिरगणतीचे हिशेब उरकावयास सुमारे आठ वर्षे लागली होती. नव्या पद्धतीने सव्वासहा कोटींच्या वर माणसांची मोजदाद पुष्कळच लवकर झाली. म्हणजे विणकराचा पुठ्ठा सरकारचा कारकून झाला!

आणखी एक गोष्ट भगिनींनी ध्यानात ठेवावी. 'कॉम्प्युटर' हा शब्द मूळचा यंत्राचा नव्हेच. बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला तसे म्हणत. आणि ही माणसे पुष्कळदा बायका असत. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा कितीतरी स्त्रिया ताऱ्यांची मोजदाद करीत. मजुरी मात्र थोडी.

असो. शाळेकडे वळते.

यंत्र मोठमोठ्या कचेऱ्यांतून शिकणाऱ्यांच्या हाती आले ते १९६४ साली. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी 'बेसिक' नावाची सोपी यंत्रभाषा केली. त्यांचा आग्रह असा की, वाङ्मय किंवा इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही यंत्राशी बोलता आले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९६५ त, मेरी केनेथ केलर या एका ख्रिस्ती जोगिणीने या विषयात डॉक्टरेट मिळविली आणि आयोवा प्रांतातील क्लार्क कॉलेजात या शास्त्राचा विभाग उघडून वीस वर्षे चालविला. ते कॉलेज त्या वेळी बायकांचे होते. जोगिणीचा वेष आणि यंत्राचे शास्त्र! आपल्याकडे एखाद्या गंगाभागीरथी आजींनी असे काही केले असते तर गावाने काय म्हटले असते, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

पण मला खरी ओढ लागली ती पुढच्या हकीगतीची. सीमोर पापर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. मुले विचार कसा करतात याचा अभ्यास त्यांनी जिनिव्हात पियाजे यांच्यापाशी राहून केला होता. १९६७ साली त्यांनी वॉलेस फॉयर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. १९६८-६९ च्या वर्षात मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लेक्सिंग्टन गावच्या शाळेत बारा मुलांना ती शिकविली. ही मुले फार हुशार म्हणून निवडलेली नव्हती, चारचौघांसारखीच होती. आणि इयत्ता कोणती, तर सातवी! हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. जी सातवी आमच्याकडे मुलीच्या शिक्षणाचा शेवट समजली गेली, तेथूनच त्यांनी सुरुवात केली होती.

आणि सुरुवात तरी कशी? वेगळी खोली, वेगळा तास असे नव्हे. त्या मुलांच्या नेहमीच्या गणिताच्या जागी वर्षभर हेच चालले. पापर्ट यांच्या १९८० सालच्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात एका तेरा वर्षांच्या मुलीची हकीगत आहे. व्याकरणात तिचे मन कधी रमले नव्हते. तिला यंत्राकडून कविता करून घ्यावयाची होती. तिने शब्द भरले, पण यंत्र कोणताही शब्द कोठेही घाली आणि नुसता गोंधळ होई. तेव्हा तिला शब्दांच्या राशी कराव्या लागल्या. नामे एकीकडे, क्रियापदे एकीकडे. शाळेत इतकी वर्षे घोकलेले व्याकरण कशासाठी असते, हे तिला त्या दिवशी उमगले. मला आमच्या वर्गातला व्याकरणाचा तास आठवला. 'सर्वनाम म्हणजे काय?' याची व्याख्या मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. ते कशासाठी, हे कोणी सांगितले नाही आणि विचारावयाचे असते हेही मला ठाऊक नव्हते.

पुढे १९७० च्या सुमारास पापर्ट यांनी या भाषेला एक कासव जोडले. पाठ घुमटाकार, पोटात लेखणी आणि खाली चाके असलेले हे लहानसे यंत्र जमिनीवर पसरलेल्या कागदावरून चाले आणि मागे रेघ ओढी. मूल हुकूम देई, 'शंभर पुढे, उजवीकडे नव्वद'. हेच चार वेळा सांगितले की चौकोन पुरा. नंतर कासव पडद्यावर आले. आपण कसे चालतो ते आठवावे आणि तसे कासवाला सांगावे, अशी त्यातील खुबी आहे. भूमिती डोळ्यांनी नव्हे, पायांनी शिकावयाची.

माझी धाकटी यंदा सातवीतच आहे. तिच्या शाळेत संगणकाचा आठवड्याला एक तास असतो. त्यात अक्षरे टंकावयाची, चित्रात रंग भरावयाचा. भूमिती वेगळ्या बाई घेतात आणि दोघींची एकमेकींशी गाठ नाही. दिवाळीच्या सुटीत मी तिला म्हटले, "चल, तू कासव हो." तिच्या हाती रांगोळीची चिमूट दिली आणि मी पायरीवर बसून हुकूम देऊ लागले. चौकोन झकास झाला. मग त्रिकोण. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा, एवढे सातवीचे ज्ञान माझ्यापाशी होते. मी ऐटीत सांगितले, "दहा पावले पुढे, उजवीकडे साठ." असे तीनदा केले, तर त्रिकोण मिटेचना! पोर भलतीकडेच निघाली आणि तुळशीवृंदावनाशी जाऊन थांबली. आमचे हे वर्तमानपत्र बाजूला ठेवून हसू लागले.

"आई, तू चुकलीस," ती म्हणाली.

"तूच वाकडी चाललीस," मी म्हटले.

मग मी पदर खोचून स्वतः कासव झाले. चालता चालता कळले की, कोपऱ्यावर आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो. साठ नव्हे, एकशेवीस. तीन कोपरे, तीन वेळा एकशेवीस, म्हणजे तीनशेसाठ. चौकोनात चार वेळा नव्वद, तेही तीनशेसाठच. "म्हणजे प्रदक्षिणाच की," धाकटी म्हणाली. खरेच, तुळशीभोवती कशीही फेरी घातली तरी अखेर तोंड होते त्याच दिशेला येते; एक प्रदक्षिणा म्हणजे तीनशेसाठ अंश. मग तिने पाच टोकांची चांदणी काढली. प्रत्येक टोकाला एकशेचव्वेचाळीस, एकूण सातशेवीस. दोन प्रदक्षिणा झाल्या. माझा हिशेब चुकला म्हणून मला छडी बसली नाही. उलट ती चूक झाली म्हणूनच पुढचे सुचले. पापर्ट यांचे म्हणणे नेमके हेच होते की, यंत्राला दिलेल्या हुकमात चूक निघाली तर ती पाप समजू नये, शोधून काढून दुरुस्त करावी. वडील मोराची मान अशीच दुरुस्त करीत.

आता आपल्या देशाचे. इंग्लंडात बीबीसी या नभोवाणी-दूरदर्शन संस्थेने लोकांना गणकयंत्र शिकविण्याची मोहीम काढली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात 'बीबीसी मायक्रो' हे यंत्र बाजारात आणले. त्याची स्मरणशक्ती बत्तीस किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही न पुरणारी. आपल्या केंद्र सरकारने १९८४-८५ साली 'क्लास' नावाची योजना काढून तीच यंत्रे देशातल्या सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांत दिली. कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स असे तिचे पुरे नाव. त्या काळाच्या मानाने हे धाडसच म्हटले पाहिजे. घरात फोनसाठीसुद्धा वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे ते दिवस. हेतू मुलांना यंत्राची ओळख व्हावी असा होता. परंतु यंत्र इंग्रजीतले आणि धडे मातृभाषेतले, यंत्र एक आणि मुले पन्नास. अशी ओळख पाहुण्यासारखीच राहावयाची. बैठकीत बसवावा, चहा द्यावा, स्वयंपाकघरात मात्र येऊ देऊ नये.

असे आपल्याकडेच झाले असेही नाही. त्या इंग्लंडातसुद्धा पुढे या विषयाचे रूपांतर पत्रे टंकणे आणि तक्ते सजविणे यात झाले. २०१२ च्या जानेवारीत तिकडच्या रॉयल सोसायटीने या स्थितीवर कडक अहवाल काढला आणि सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना यंत्रामागचा विचार शिकविणारा नवा अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. ज्यांनी यंत्र दिले, त्यांनाही तीस वर्षांनी पुन्हा पाटी कोरी करावी लागली.

आपल्याकडे एमकेसीएल ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, ते सर्वांना ठाऊकच आहे. माझ्या जाऊबाईंनी मूल कडेवर घेऊन ती परीक्षा दिली. त्याने पुष्कळांना नोकरीत आधार झाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ती शाळेबाहेरची गोष्ट. धड्याच्या पानातच यंत्राला वाट काढून दिली ती आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडचा चौकोन छापावयाचा आणि फोन धरला की त्याच धड्याची कविता ऐकू यावी, चित्र दिसावे, ही त्यांची कल्पना. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीत आलेल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या वर्गांत यंत्राला हुकूम लिहिण्याचे शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. यंत्राशिवायही हा विचार शिकविता येतो. एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ साली सुरू केलेल्या 'सीएस पाठशाला' उपक्रमात खेळ, नक्षी आणि कोडी यांवरच भर आहे. म्हणजे आमचे तुळशीपुढचे कासव अगदीच अडाणी नव्हते.

हुकूम देण्याची विद्या ती ही. दुसरी विद्या आकड्यांना बोलते करण्याची, आणि येथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेल्या परिचारिका म्हणून ओळखतो. पण क्रिमियाच्या युद्धानंतर, १८५८ साली, त्यांनी रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढून असे दाखविले की, सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले. महिनावार मृत्यू कारणांप्रमाणे वेगळे केले नसते, नुसती बेरीज दिली असती, तर ते कोणाच्या डोळ्यांत भरले नसते. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना पहिली स्त्री सभासद म्हणून घेतले. आणि २००० साली इंग्लंडात 'सेन्सस ॲट स्कूल' नावाचा उपक्रम निघाला. त्यात मुले स्वतःचीच माहिती भरतात, जसे शाळेत कशाने येता, हाताची लांबी किती, आणि त्याच आकड्यांवर गणिताचे, भूगोलाचे धडे होतात. पुढे तो न्यूझीलंड, कॅनडा वगैरे देशांतही गेला.

धाकटीला गणितात स्तंभालेखाचा गृहपाठ होता. पुस्तकातली आंब्याच्या पेट्यांची उदाहरणे तिला कंटाळवाणी वाटत. मी म्हटले, आपल्या मंडळाचे हजेरीपट घे. ते माझ्याच कपाटात असतात. गेली अकरा वर्षे हजेरी मी लिहिते. एका वहीला कसर लागली आहे, बाकीच्या शाबूत आहेत. तिने दादाच्या मोबाइलवर आकडे भरले आणि वर्षावर्षाचे स्तंभ काढले. ठीकच दिसले, उपस्थिती जवळजवळ सारखी. मी खूश झाले. मग तिला काय सुचले कोण जाणे, तिने गल्लीवार रंग दिले. नव्या वसाहतीचा रंग वर चढत गेलेला, आणि मागच्या गल्लीचा, म्हणजे विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनींचा, एका वर्षी एकदम खाली आलेला. चौदाजणी होत्या, त्या तीनवर आल्या होत्या. बेरजेत ते झाकून गेले होते.

"आई, त्या वर्षी काय झालं?" तिने विचारले.

मी त्या वर्षीचे इतिवृत्त काढले. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, 'काही भगिनींच्या अनास्थेमुळे उपस्थिती रोडावली आहे.' त्याच्या मागच्या पानावर, तेही माझ्याच अक्षरात, 'सभेची वेळ दुपारी तीनऐवजी सकाळी अकरा करण्याचे सर्वानुमते ठरले.' अकरा म्हणजे त्यांची विड्या मोजून देण्याची आणि नवी पाने आणण्याची वेळ. त्या सभेला त्यांच्यातले कोण हजर होते ते पाहिले. कोणीही नव्हते. सर्वानुमते!

ही वही अकरा वर्षे माझ्या कपाटात आहे. दर दिवाळीला मी ती झटकून ठेवीत होते.

कार्यकारिणीत मी तो रंगीत कागद मांडला. थोडी वादावादी झाली. एकीने म्हटलेही, की मुलीच्या गृहपाठावरून का मंडळ चालवायचे? पण गेल्या आषाढापासून सभा पुन्हा दुपारी तीनला भरू लागली. पहिल्या दिवशी मागच्या गल्लीतून पाचजणी आल्या. त्यांतल्या सर्वांत वडील मावशींना मी तो कागद दाखविला. वाचता येत नाही म्हणून त्यांनी रंग विचारून घेतला आणि बोट ठेवीत ठेवीत वर्षे मोजली. एका स्तंभापाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "ह्ये साल वेळेचं न्हाई बाई. ह्या साली वस्तीत तापाची साथ होती, घरोघरी माणसं पडली होती. तुमच्यातलं कुणी इचारायला आलं न्हाई. त्ये पन लिवा की त्यात."

मी पेन्सिल घेतली, आणि तो स्तंभ ज्या महिन्यात खाली आला होता त्याच्या शेजारी, त्या सांगतील तसे लिहू लागले.